ऑपेरा आणि कॉन्सर्टमधला बॅरिटोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाबद्दल लिहायला लागल्यापासून टेनरबद्दल (पुरुषांचा उंच आवाज) कौतुकाची पत्रं येतात आणि बॅरिटोनबद्दल प्रश्न. विचारणाऱ्यांत नुकतेच ऐकायला लागलेले असतात, गाणं शिकणारे असतात, आणि 'मुलाला यात पाठवावं का' म्हणून धास्तावलेले पालकही. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, आडवळणाचे शेवटी.

१. बॅरिटोन म्हणजे टेनर आणि बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) यांच्या मधला आवाज, एवढंच ना?

व्याख्या म्हणून एवढंच. पियानोच्या मधोमध जी पांढरी एक असते, तिच्याखाली सव्वा सप्तक आणि वर पांढरी पाचपर्यंत, हा बॅरिटोनचा कामाचा पल्ला. काही भूमिकांत वर काळी चार लागते, क्वचित पांढरी सहाही. पण नुसत्या पल्ल्यावरून आवाज ठरवायला गेलात तर फसाल, कारण वरची पांढरी पाच लावणारे बास असतात आणि खालचे स्वर भरदार लागणारे टेनरही. बघायचं ते असं, की कुठल्या पट्ट्यात गळा तासभर न थकता राहतो आणि आवाज वळण कुठे घेतो, म्हणजे खालच्या स्वरांची लगावण सोडून वरची कुठे धरतो. बॅरिटोनचं पहिलं वळण मधल्या पांढरी एकच्या जरा खाली येतं आणि दुसरं वरच्या पांढरी तीनच्या आसपास. टेनरची हीच वळणं साधारण दीड स्वर वर असतात. चांगला शिक्षक सर्वांत आधी हे तपासतो, आणि तरीही घाईने शिक्का मारत नाही.

२. लिरिक, कॅव्हेलियर, व्हेर्दी, हेल्डन, बास-बॅरिटोन... एवढे प्रकार खरंच आहेत का?

आहेत, आणि ते मुख्यतः कामाच्या वाटपासाठी आहेत. जर्मन नाट्यगृहांत या वर्गवारीला 'फाख' म्हणतात. मोत्सार्टचा पापागेनो किंवा गुल्येल्मो हे लिरिक बॅरिटोनचं काम. डॉन जोव्हान्नी आणि काउंट आल्माव्हिव्हा यांना जरा रुबाबदार, कॅव्हेलियर जातीचा आवाज लागतो. व्हेर्दी बॅरिटोनला वरच्या पट्टीत बराच वेळ, तोही पूर्ण ताकदीनं राहावं लागतं. वाग्नरचा 'डच खलाशी' किंवा टेलरामुंड हेल्डनबॅरिटोनकडे जातो, आणि वोटान, हान्स झाक्स यांच्यासाठी सहसा बास-बॅरिटोन शोधतात. फ्रेंचांचा 'बॅरिटोन-मार्तां' हा हलका, टेनरकडे झुकणारा प्रकार. देब्युसीचा पेलेआस (१९०२) हे त्याचं ठरलेलं उदाहरण.

करारात फाख लिहिलेला असला की कुठली भूमिका सोपवता येईल आणि कुठली नाही यावर वाद कमी होतात. एरवी ही लेबलं फार मनावर घेऊ नयेत. वयानुसार एकाच गायकाचं लेबल दोनदा-तीनदा बदलतं.

३. माइक नसतो म्हणतात. मग साठ-सत्तर वाद्यांवरून आवाज पोचतो कसा?

जोर लावून नव्हे. ऑर्केस्ट्राची ध्वनिऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि त्यापुढे उतरत जाते. तयार झालेल्या ऑपेरा गायकाच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक ठळक शिखर दिसतं. स्वरयंत्राच्या लगेच वरची नळी बाकीच्या घशाच्या मानाने अरुंद ठेवली की तिथले अनुनाद एकमेकांजवळ येतात आणि हे शिखर तयार होतं. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी याचा खोलवर अभ्यास केला. माणसाचा कान नेमका त्याच भागात तल्लख असतो, म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या सुमारे ३,८०० आसनांच्या प्रेक्षागृहातही शेवटच्या रांगेत शब्द कळतात.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट म्हणजे खोलीत दणदणीत वाटणारा आवाज मोठ्या सभागृहात हरवू शकतो, आणि खोलीत किंचित धातूसारखा, टोचणारा वाटलेला आवाज तिथे उजळून निघतो. घरच्या रेकॉर्डिंगवरून कुणी 'आवाज लहान आहे' म्हणालं, तर लगेच खचून जाऊ नका.

४. माझं वय २५ आहे, आत्ताशी गंभीरपणे शिकायला लागलोय. उशीर झाला का?

नाही. बॅरिटोनचा आवाज पिकायला वेळ लागतो. पंचविशीत लिरिक भूमिका, तिशीत जरा जड, आणि व्हेर्दी-वाग्नरची अवघड कामं पस्तिशीनंतर, असा साधारण क्रम असतो. ख्रिस्टियान गेरहाहर यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं होतं, सायमन कीनलीसाइड यांनी केंब्रिजमध्ये प्राणिशास्त्र. दोघेही पहिल्या फळीत गेले.

याच्या उलट दाखला म्हणून नेहमी लुइजी बास्सीचं नाव पुढे केलं जातं. १७८७ मध्ये प्रागला पहिला डॉन जोव्हान्नी गायला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पण ते नाट्यगृह लहान, ऑर्केस्ट्रा लहान आणि वाद्यंही आजच्यापेक्षा सौम्य. आजच्या मोठ्या सभागृहात २१ व्या वर्षी तेच करायला जाणं म्हणजे गळ्याशी खेळ.

घाई करायचीच तर ती कागदोपत्री करा. तरुण गायकांच्या बहुतेक स्पर्धा आणि ऑपेरा स्टुडिओ यांची वयोमर्यादा तिशीच्या आसपास संपते.

५. शिक्षणाचा रस्ता कसा असतो? आणि ऑडिशनला काय गायचं?

संगीत महाविद्यालयातली पदवी, मग एखाद्या नाट्यगृहाचा ऑपेरा स्टुडिओ किंवा तरुण कलाकारांचा उपक्रम (मेट्रोपॉलिटनचा लिंडेमान, लंडनच्या रॉयल ऑपेराचा जेट पार्कर, सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला), आणि तिथून छोट्या भूमिका. शिकवणारी माणसं दोन प्रकारची लागतात. गायनशिक्षक गळा घडवतो. कोच पियानोवर बसून भूमिका पाठ करून घेतो, उच्चार दुरुस्त करतो आणि कंडक्टर कुठे घाई करेल हे आधीच सांगून ठेवतो. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी गाता यायलाच हव्यात. रशियन आली तर चायकोव्स्कीच्या येव्गेनी ओनेगिनचं दार उघडतं.

ऑडिशनला साधारण पाच आरिया (ऑपेरातली एकट्याने गायची गाणी) तयार ठेवतात, वेगवेगळ्या भाषांतल्या आणि शैलींतल्या. पहिली तुम्ही निवडता, दुसरी समोरचे मागतात. मोत्सार्टच्या 'फिगारोचं लग्न'मधल्या काउंटची 'हाय जा व्हिंता ला काउझा' जवळजवळ सगळ्यांच्या यादीत असते, आणि ते योग्यच आहे. सुरुवातीच्या वाचिक भागात राग आणि संशय दाखवावे लागतात, पुढे सरळ लांब ओळी येतात आणि अगदी शेवटी तिप्पटीच्या फिरतीवरून वरची काळी तीन गाठायची असते. अभिनय, दमसास आणि फिरत यांची परीक्षा पाच मिनिटांत होते. रोस्सीनीच्या फिगारोची 'लार्गो अल फाक्तोतुम' मात्र खरंच विनोद जमत असेल तरच न्या. परीक्षकांनी ती इतक्यांदा ऐकलेली असते की नुसतं बिनचूक गाणं पुरत नाही.

६. स्पर्धा जिंकल्याशिवाय पुढे जाता येतं का?

येतं. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट कार्डिफच्या १९८९ च्या गायनस्पर्धेची आहे. मुख्य बक्षीस सायबेरियाहून आलेल्या द्मित्री ख्वोरोस्तोव्स्कीला मिळालं आणि गीतगायनाचं (पियानोसोबत गायच्या कवितांचं) बक्षीस वेल्सच्या ब्रिन टर्फेलला. मुख्य बक्षीस हुकल्याने टर्फेलचं काही अडलं नाही. स्पर्धेत पदकापेक्षा प्रेक्षागृहात कोण बसलंय ते महत्त्वाचं, कारण भूमिका वाटणारे आणि एजंट उपांत्य फेरीपासूनच हजर असतात. वर्षभर स्पर्धाच करत फिरणारे गायकही दिसतात. त्यात नव्या भूमिका शिकायच्या राहून जातात, तेव्हा कुठेतरी थांबलेलं बरं.

७. जर्मनीतल्या 'फेस्ट' कराराबद्दल खूप ऐकलंय. तो घ्यावा की स्वतंत्र राहावं?

फेस्ट म्हणजे एकाच नाट्यगृहाचा पगारी सदस्य होणं. दरमहा ठरलेला पगार, आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाची सोय, आणि त्याबदल्यात हंगामभर दिलं जाईल ते काम. सार्वजनिक पैशावर चालणारी एवढी ऑपेरागृहं जर्मनीइतकी दुसरीकडे नाहीत, म्हणून जगभरचे तरुण गायक तिकडे धाव घेतात.

पहिली तीन-चार वर्षं फेस्ट असणं बॅरिटोनसाठी फायद्याचं, असं माझं स्पष्ट मत आहे. मंगळवारी पापागेनो, शुक्रवारी 'ला बोएम'मधला मार्चेल्लो, रविवारी सकाळी मुलांचा प्रयोग, असं गाताना भूमिका अंगात मुरतात. धोकाही तिथेच आहे. नाट्यगृहाला अडचणीच्या वेळी भूमिका भरायची असते आणि विचारणा होते सर्वांत उत्साही तरुणाला. अठ्ठावीस वर्षांच्या लिरिक गायकाला रिगोलेत्तोसारखी व्हेर्दीची जड भूमिका देऊ केली जाते, तेव्हा नाही म्हणणं कठीण असतं. तरी म्हणावं. करार दरवर्षी आपोआप पुढे जातोच असं नाही. विशेषतः नवा संचालक आला की बऱ्याच जणांना निरोप मिळतो.

८. पैसे कसे मिळतात?

स्वतंत्र गायकाला बिदागी प्रयोगामागे मिळते. नव्या निर्मितीची तालीम पाच-सहा आठवडे चालते आणि अनेक ठिकाणी त्या काळाचे वेगळे पैसे नसतात, किंवा नावापुरते असतात. राहण्याचा खर्च बहुधा स्वतःचा. एजंट ऑपेराच्या कामावर साधारण १० टक्के आणि कॉन्सर्टवर १५ ते २० टक्के घेतो. परदेशात कर तिथेच कापला जातो.

सर्दी झाली आणि गाता आलं नाही, तर त्या रात्रीची बिदागी नाही, तालमी सगळ्या केल्या असल्या तरी. २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा करारांतल्या 'अपरिहार्य कारणां'च्या कलमाने भल्याभल्यांचे खिसे रिकामे केले. तेव्हापासून सही करण्याआधी ते कलम लोक वाचायला लागले आहेत. मोठी गृहं दोन ते चार वर्षं आधी तारखा ठरवतात, म्हणजे आज 'हो' म्हणताना तीन वर्षांनी आपला आवाज कसा असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

९. 'कव्हर' म्हणजे काय? ते कमीपणाचं असतं का?

मुख्य गायक आजारी पडला तर उभा राहणारा तो कव्हर. भूमिका पूर्ण पाठ, हालचाली पाठ आणि प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृहापासून ठरावीक अंतरात हजर. बहुतेक वेळा गाण्याची वेळ येत नाही. तरीही यात कमीपणा काहीच नाही. मोठ्या गायकाची पूर्ण तालीम पैसे घेऊन बघायला मिळते.

ऐनवेळची बदली याहून थरारक. सकाळी एजंटचा फोन येतो, दुपारी विमान, संध्याकाळी पाचला साहाय्यक दिग्दर्शक मंचावर चालवत दाखवतो की दार इथे उघडतं, या पायरीवर बसायचं नाही, ती लाकडाची नाही. साडेसातला पडदा. कधी असंही होतं की आवाज बसलेला मूळ गायक मूक अभिनय करतो आणि नवा गायक मंचाच्या कडेला स्कोअर (छापील स्वरलिपी) समोर ठेवून गातो. ओनेगिन, जेर्मों ('ला त्राव्हियाता'मधला बाप), मार्चेल्लो अशा वारंवार होणाऱ्या भूमिका कायम तयार असणाऱ्याला हे फोन येतात.

१०. प्रेमात पडायला टेनर, मग बॅरिटोनच्या वाट्याला उरतं काय?

बाकी सगळं. बाप, राजा, विदूषक, खलनायक, मित्र, पोलीसप्रमुख. व्हेर्दीने तर आपलं सगळ्यात खोल लिखाण या आवाजासाठी राखून ठेवलं: नाबुको, मॅकबेथ, रिगोलेत्तो, जेर्मों, बोकानेग्रा, इयागो, फाल्स्टाफ. मॅकबेथ, रिगोलेत्तो आणि जेर्मों हे तिन्ही पहिल्यांदा फेलिचे व्हारेसी गायला, इयागो आणि फाल्स्टाफ व्हिक्टर मोरेल.

'रिगोलेत्तो'च्या (१८५१) दुसऱ्या अंकातलं 'कोर्तिजानी' जवळून पाहा. विदूषक रिगोलेत्तोची मुलगी आत कोंडलेली आहे आणि दरबारी दार अडवून उभे आहेत. खाली तंतुवाद्यांचा खवळलेला घोळका, वर विदूषकाच्या शिव्या. तो दारावर धावतो आणि मागे ढकलला जातो. मग आवाज मोडतो, तो मारुल्लो या दरबाऱ्याला एकट्याला गाठून विनवतो. शेवटी चेलो आणि इंग्लिश हॉर्न सुरू होतात आणि त्यावर एक लांब, रडवेली विनवणी. संतापात सगळा गळा खर्च केलेल्या गायकाला इथे गाता येत नाही, कारण सर्वांत मऊ, सर्वांत लांब दमाच्या ओळी अखेरीस आहेत. व्हेर्दी बॅरिटोन कशाला म्हणतात (प्रश्न २), हे या चार-पाच मिनिटांत कळतं.

११. फक्त कॉन्सर्टवर जगता येतं का?

थोड्यांना येतं, बहुतेक जण दोन्ही करतात. या कामाचा इतिहासही जुना आहे. युलिउस श्टॉकहाउझेनने १८५६ मध्ये व्हिएन्नात शुबर्टची 'डी शोने म्युलरिन' ही गीतमालिका पहिल्यांदा जाहीरपणे सलग गायली, आणि १८६८ मध्ये ब्रेमेनला ब्राम्सच्या 'जर्मन रिक्विएम'चा बॅरिटोनही तोच होता.

कॉन्सर्टला तालीम दोन-तीन दिवसांची. वेशभूषा नाही, पाठ करायची सक्ती बहुधा नाही. सोपं वाटतं ना? ब्राम्सचंच घ्या. सात भागांपैकी बॅरिटोन फक्त तिसऱ्या आणि सहाव्या भागात गातो. सुरुवातीची सुमारे पंचवीस मिनिटं प्रेक्षकांसमोर गप्प बसून काढायची, गळा थंड पडत असतो, पाणी प्यायचीही चोरी. मग उठायचं आणि 'हेर, लेहरे दोख मिख' एकट्याने सुरू करायचं. हॅन्डेलच्या 'मसाया'त तुतारीची आरिया तिसऱ्या भागात येते, तिथेही तीच गत. मेन्डेल्सझोनचा 'एलिजा' याच्या उलट, दोन तासांहून जास्त काळ सगळा भार एका माणसावर. ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'त बॅरिटोनला एका गाण्यात चक्क खोट्या, बायकी आवाजात चढावं लागतं.

ब्रिटनच्या 'वॉर रिक्विएम'चा पहिला प्रयोग १९६२ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या नव्या कॅथीड्रलमध्ये झाला. बॅरिटोन होता डीट्रिख फिशर-डिस्काउ, महायुद्धात जर्मन सैन्यात असलेला आणि युद्धकैदी राहिलेला. त्या बाकावर त्यालाच बसवायचं ब्रिटनने मुद्दाम ठरवलं होतं.

१२. गीतगायनाची मैफल ऑपेरापेक्षा अवघड म्हणतात, ते का?

लपायला जागा नसते. शुबर्टच्या 'विंटररायझ'मध्ये २४ गाणी, सत्तर-पंचाहत्तर मिनिटं, मध्यंतर नाही, आणि सोबतीला एक पियानो. पियानोवादक साथीला नसतोच, तो बरोबरीचा असतो. शिवाय या कामात बिदागी कमी आणि तयारी भरपूर. तरी जे नियमित गीतं गातात त्यांचा ऑपेरातला आवाजही लवचीक राहतो, असं माझं निरीक्षण आहे.

१३. स्कोअरमध्ये 'बास' छापलंय. मग बॅरिटोन कसा गातो?

मोत्सार्टच्या काळात बॅरिटोन हा वेगळा कप्पाच नव्हता. फिगारो, काउंट, लेपोरेल्लो सगळे 'बास' म्हणून लिहिलेले आहेत. ओरॅटोरिओतही ('मसाया', 'एलिजा' यांसारख्या, अभिनयाविना गायच्या धार्मिक कथांतही) तेच. अशा वेळी नावावर न जाता स्वर मोजा. 'कार्मेन'चा एस्कामियो हे दुसरं टोक: नाव बॅरिटोनचं, पण त्याच्या प्रवेशगीताचे खालचे स्वर कित्येक बॅरिटोनांना ऐकू जातील असे लागत नाहीत, आणि वरचे बासला अडचणीचे होतात. जगप्रसिद्ध चाल, म्हणून नवखे हमखास तिथे अडकतात.

१४. 'विंटररायझ' मुळात उंच आवाजासाठी आहे ना? पट्टी उतरवली तर चालते?

गीतांमध्ये चालते. प्रकाशक उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगळ्या आवृत्त्या काढतात. फक्त मालिकेतलं एक गाणं एक स्वर आणि पुढचं दोन स्वर उतरवलं, तर दोन गाण्यांमधलं पट्टीचं नातं बदलतं. त्याचा विचार करून ठरवावं.

ऑपेरात बॅरिटोनला ही सवलत जवळजवळ नसते. उलट परंपरेने स्वर चढवले जातात. 'पाल्याच्ची'च्या (१८९२) प्रस्तावनेतली शेवटाकडची वरची काळी चार लेओंकाव्हाल्लोने लिहिलेली नाही, तरी प्रेक्षक तिची वाट बघतात. ती लागत नसेल तर छापलेलं गा, त्यात लाज नाही. जुन्या पद्धतीच्या वाद्यांसोबतच्या बाखमध्ये सगळी पट्टीच सुमारे अर्धा स्वर खाली असते. बॅरिटोनला तिथे वर आराम मिळतो, खाली कसरत.

१५. बॅरिटोन म्हणून सुरुवात करून टेनर होता येतं का?

झालेत. लाउरिट्स मेल्खिओर १९१३ मध्ये बॅरिटोन म्हणून उभा राहिला आणि पुढे वाग्नरचा अव्वल टेनर झाला. कार्लो बेर्गोन्झी १९४८ मध्ये फिगारो गायला, १९५१ मध्ये टेनर म्हणून पुन्हा सुरुवात केली. रामोन व्हिनाय बॅरिटोनचा टेनर आणि परत बॅरिटोन झाला. प्लासिदो दोमिंगोने २००९ मध्ये बर्लिनला बोकानेग्रा गाऊन उत्तरायुष्यात बॅरिटोनच्या भूमिका धरल्या. त्यावर माझं मत थोडं तिखट आहे: खालचे स्वर गाणारा टेनर म्हणजे बॅरिटोन नव्हे, आणि ऐकताना ते कळतं.

बदल करायचा तर वर्ष-दोन वर्षं मंचापासून दूर राहून, शिक्षकाच्या देखरेखीखाली. वरचे स्वर सहज लागतात एवढ्यावर ठरवू नये. वळण कुठे आहे (प्रश्न १) ते पाहावं.

१६. आवाज किती वर्षं टिकतो?

भूमिका क्रमाने घेतल्या (प्रश्न ४ आणि ७) तर साठीपर्यंत सहज. लेओ नुच्चीने रिगोलेत्तो ५०० पेक्षा जास्त वेळा गायला. फिशर-डिस्काउ १९४८ च्या बर्लिनमधल्या पदार्पणापासून १९९२ च्या अखेरीपर्यंत गात होता. सतत प्रवास, अपुरी झोप आणि पोटातलं आम्ल घशापर्यंत येणं, ही आवाज बिघडण्याची रोजची कारणं. आवाज दोन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून स्वरतज्ज्ञ डॉक्टरकडे जाऊन स्वरतंतू तपासून घ्यावेत.

१७. स्त्री बॅरिटोन असू शकते का?

असते. अमेरिकन गायिका लुसिया लुकास ट्रान्स स्त्री आहे आणि बॅरिटोन आहे. २०१९ मध्ये तल्सा ऑपेरात तिने डॉन जोव्हान्नीची भूमिका केली. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनने लांब आणि जाड झालेले स्वरतंतू पुढे संप्रेरकं बदलल्याने पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे आवाजाचा पल्ला कायम राहतो. काम मिळताना तिलाही तीच फाखची यादी आणि त्याच पाच आरिया लागतात, प्रश्न ५ मधल्या.